एकेचाळीस पांढरे दगड

९ जानेवारी

ही वही साहेबांची. अर्ध्या पानांवर चहा सांडला म्हणून त्यांनी टाकून दिली, मी उचलली. मोजणीची वही असल्यामुळे पानांवर रकाने आहेत. मागचं वाचन, पुढचं वाचन, चढ, उतार, शेरा. आधी मी शेऱ्याच्या रकान्यात लिहून बघितलं, पण तो दोन बोटं रुंद. तेवढ्यात माझं काय मावणार? आता सगळ्या रकान्यांवरून आडवा जातो.

लिहायला ताईने सांगितलं. "फोन तर करत नाहीस, निदान रोज चार ओळी लिहून ठेव. आलास की वाचून दाखव." आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, त्यामुळे तिला हुकूम सोडायची सवय आहे. घर इथून दोन दिवसांच्या प्रवासावर. 'आलास की' म्हणजे कधी, हे तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

सहावीत शाळा सोडली. मग बेकरी, लाँड्री, गॅरेज, ट्रकवर क्लीनर. कुठेच वर्ष भरलं नाही. पायाला भिंगरी आहे म्हणतात तसं. आता मोजणीच्या टोळीत पट्टी धरतो. चार मीटर उंच लाकडी पट्टी, तिच्यावर लाल-काळे आकडे. साहेब लांबून दुर्बिणीतून आकडा वाचतात. मी फक्त सरळ उभं राहायचं. एका जागी न टिकणाऱ्या माणसाला उभं राहायचं काम दिलंय.

साहेबांनी पहिल्याच दिवशी दम भरला, "डोळ्यांनी बघितलं नाही ते वहीत लिहायचं नाही. अंदाज घरी ठेवायचा."

१० जानेवारी

आमची खोली छापखान्याच्या वर आहे. खाली यंत्र चालू झालं की ताटल्या थरथरतात, आणि समोरून ट्रक गेला की भिंती. हमरस्ता शहराच्या पोटातूनच जातो. आज एक ट्रक औषधाच्या दुकानाच्या पायरीत आणि समोरच्या शिंप्याच्या ओट्यात अडकला. पुढे जाईना, मागे येईना. शिंपी म्हणाला, "राहू दे, उद्यापर्यंत बारीक होईल."

म्हणून बायपास. म्हणजे शहराला बाहेरून वळसा घालून जाणारा रस्ता. आमच्यातला लंबू, जो फीत धरतो, तो म्हणतो त्याने हाच बायपास याआधी दोनदा मोजलाय. "पोरगी दाखवतात, लग्न होत नाही, तसली गत," तो म्हणाला.

११ जानेवारी

साहेबांकडे नकाशा आहे, पण कार्यालयाने त्याची झेरॉक्स पाठवली. मुळात रद्द झालेली जुनी रेघ लाल होती, मोजायची ती नवी निळी. झेरॉक्समध्ये दोन्ही काळ्या. एक शहराच्या पश्चिमेकडून, एक पूर्वेकडून नदीपलीकडून. साहेब मला म्हणाले, "आखणीच्या खुणेचे दगड एकीकडे जुने, काळे पडलेले असतील. दुसरीकडचे गेल्या वर्षीचे. दोन्हीकडे जा, ताजे कुठले ते बघून ये."

आधी पश्चिमेला गेलो. धुकं होतं. शेतात एकदम पांढराशुभ्र दगड दिसला, मग दोनशे मीटरवर दुसरा, मग तिसरा. कुणी दात काढून हसावं तसे. त्यांच्या मागे मागे चालत गेलो आणि सूर्यफुलाच्या रानात, जिथे रस्ता नाही, गाडी नाही, काही नाही, तिथे एक पंक्चरचं दुकान! पत्र्याची शेड, दारात हवा भरायचं यंत्र, टायरांची उतरंड, आणि वर पाटी, 'येथे मोठ्या गाड्यांचे पंक्चर काढून मिळेल'. मोठ्या गाड्या!

दुकानातला माणूस साठीचा असेल. त्याने माझ्या हातातली पट्टी बघितली आणि हातातला पाना खाली ठेवला. "आलात?" म्हणाला. जसं काही आम्ही ठरवून भेटतोय. त्याच्या बायकोने चहा आणला. मी स्टुलावर बसलो, ऊन आलं, डोळा लागला. उठलो तेव्हा दुपार कलली होती. नदीपलीकडे जायचं राहिलं.

साहेबांना सांगितलं, "ताजे पश्चिमेकडचे. एकदम नवे कोरे."

"पूर्वेकडचे?"

"काळे पडलेत," मी म्हणालो. पडलेच असणार की.

१४ जानेवारी

काम सुरू. दर वीस मीटरवर पट्टी लावतो. पंक्चरवाल्याला सगळे मिस्त्री म्हणतात, बायकोला मी काकू म्हणायला लागलो. डबा त्यांच्याच शेडमध्ये खातो. आधी त्यांचं दुकान शहरात, ऐन हमरस्त्यावर होतं म्हणे, दोन कामगार हाताखाली. ते मोडून नऊ वर्षांपूर्वी इथे आले. लंबू म्हणाला, डोक्यावर परिणाम. मला नाही वाटत. बायपास झाला की ही जागा सोन्याची. हुशार माणूस, सगळ्यांच्या आधी जागा धरून बसलाय.

तोवर गिऱ्हाईक म्हणजे सायकली आणि एक दूधवाला.

१९ जानेवारी

मिस्त्री रोज विचारतात, "काय पट्टीवाले, रस्ता कुठवर आला?"

मी सांगतो, "बांधापर्यंत."

"जपून आणा. तिथे वळणावर ओल असते, घसरेल."

हा आमचा खेळ झालाय. आज त्यांनी विचारलं, बारा चाकी गाडीला वळायला किती जागा लागते. मी क्लीनर होतो, मला माहीत होतं, पायांनी मोजून दाखवली. त्यांनी तेवढी जागा शेडपुढे आधीच मोकळी ठेवलीय! तिथे काकूंना मिरच्यासुद्धा लावू देत नाहीत.

काकू म्हणाल्या, "आमचा मोठा बारा चाकीच चालवतो ना."

"मग येत असेल तो?"

"शहरात गाडी शिरत नाही त्याची." त्या ताटल्या विसळत होत्या. "एकदा आला होता. बोळात अडकली, लोक जमले, हे त्याला चार माणसांत नको ते बोलले. तो म्हणाला, तुमचा बायपास झाला की येईन. झाली नऊ वर्षं."

म्हणजे पोराच्या ट्रकची पंक्चरंही घरच्या घरी निघणार. मिस्त्रींचा सगळा हिशोब लांबचा असतो.

२३ जानेवारी

आज साहेबांनी मला दुर्बिणीतून बघू दिलं. दुर्बीण जुनी आहे, तिच्यात सगळं उलटं दिसतं. पट्टीवरचे आकडे म्हणूनच उलटे छापलेले, आतून सुलटे दिसावेत म्हणून. मला वाटायचं छापणारा प्यालेला होता.

बघितलं तर जमीन वर आणि आभाळ खाली. सूर्यफुलं छताला टांगल्यासारखी. मिस्त्रींची शेड वरून लोंबकळतेय, आणि शेडपुढे मिस्त्री उलटे उभे, हातात डबा, दगडाला पांढरा रंग देताहेत. ब्रश जसजसा फिरत होता तसतसा दगड उजळत होता.

मी डोळा काढला नाही. साहेब म्हणाले, "काय दिसलं?"

"पट्टी दिसली," मी म्हणालो. 

२४ जानेवारी

मिस्त्रींना सरळ विचारलं. ते म्हणाले, हो, दरवर्षी रंगवतो, शेडपुढचा तेवढा राहिला होता. टायरवर खुणा करायचा रंग असतो त्यातलाच. एकेचाळीस दगड, आठ किलोमीटर, चार दिवस लागतात. पहिल्या वर्षी गवताने झाकले गेले होते. "बुजले तर तुम्हा लोकांना सापडणार कसे?"

म्हणजे दगड ताजे नाहीत. रंग ताजा आहे.

मग नदीपलीकडचे कसे आहेत? मी गेलोच नाही. उद्या जातो.

२८ जानेवारी

गेलो नाही. उद्या जाईन.

ताईचा फोन. तुझी खोली रंगवून घेतली म्हणाली. कुठला रंग तेही सांगत होती, पण खाली छापखान्याचं यंत्र चालू होतं आणि माझं लक्ष नव्हतं. मागच्या वर्षीही रंगवली होती. मी म्हटलं, "ताई, कुणासाठी रंगवतेस? मी काय तिथे राहायला येणार आहे?"

"भिंती खराब होतात रे," ती म्हणाली.

बंद खोलीच्या भिंती कशा खराब होतात कोण जाणे. ताईला खर्च करायला निमित्त लागतं.

४ फेब्रुवारी

पट्टी धरून उभा असताना दुपारी असं होतं. साहेब लांब, आवाज येत नाही, फक्त त्यांचा हात दिसतो. ऊन वितळल्यासारखं हलतं. आणि त्या हलण्यात रस्ता दिसतो. काळा, गुळगुळीत, मध्ये पांढरी रेघ. सूर्यफुलांच्या कमरेतून ट्रक जातात, पण फूल हलत नाही. ड्रायव्हर खिडकीबाहेर कोपर काढून बसलेले. एकाने तर माझ्याकडे बघून हॉर्न दिला. मी बाजूला झालो.

साहेब ओरडले, "अरे, पट्टी हलवू नकोस!"

लंबूला सांगितलं तर म्हणाला टोपी घालत जा. मिस्त्रींना सांगितलं तर त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि विचारलं, "कुठल्या रंगाचे होते ट्रक?"

"एक हिरवा होता. पुढे पितळी पट्टी असलेला."

ते बराच वेळ त्या बाजूला बघत राहिले.

११ फेब्रुवारी

आज रविवार. शेवटी नदीपलीकडे गेलो. पूल नाही, होडीने. उतरलो आणि पन्नास पावलांवर पहिला दगड. कडा धारदार, अंगावर वर्ष कोरलेलं, गेल्या वर्षीचं. पांढरा नाही, पण नवा. 

बरोबर महिनाभर आम्ही नको असलेला रस्ता मोजतोय, माझ्या डुलकीपायी.

परत येताना ठरवलं, सोडून जावं. रात्रीची गाडी असते. बेकरी सोडली तेव्हाही असंच न सांगता गेलो होतो. पिशवी भरलीसुद्धा. पण उद्या सकाळी मिस्त्री विचारतील, रस्ता कुठवर आला, आणि उत्तर द्यायला कुणी नसेल. पिशवी परत रिकामी केली. असं माझ्या हातून पहिल्यांदाच झालं.

१३ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं. ते दुर्बीण पुसत होते, पुसतच राहिले.

"तू पलीकडे गेलाच नव्हतास?"

"नाही."

"मग काळे पडलेत हे कुणी बघितलं?"

"कुणीच नाही."

मला वाटलं आता कानाखाली बसते. पण ते खोक्यावर बसले. "मी तरी कुठे गेलो? होडीत मला मळमळतं," म्हणाले. "तू पोर आहेस. मी पगार घेतो बघण्याचा."

लंबू फीत गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "अहवालात लिहा, दोन्ही बाजूंची तुलना केली. वर शाबासकी मिळेल."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग खरंच तसं लिहिलं.

१९ फेब्रुवारी

वरून पत्र आलं. तुलनात्मक मोजणीबद्दल समाधान! बायपास पूर्वेकडूनच. कधी ते नाही लिहिलं. आणि खाली एक ओळ, की पुढे घोटाळा होऊ नये म्हणून पश्चिमेकडचे सर्व दगड काढून त्यांची विल्हेवाट लावावी.

काम माझ्यावर आलं. पहार मिळाली.

२१ फेब्रुवारी

शहराकडच्या टोकापासून सुरुवात केली, म्हणजे शेड शेवटी येईल. दोन दिवसांत अकरा काढले. दगड निघतो तेव्हा खाली ओला चौकोन राहतो आणि त्यात किडे सैरावैरा पळतात. दुपारी डबा खायला गेलो नाही. मिस्त्रींच्या समोर कुठल्या तोंडाने बसू? शेतातच खाल्लं.

संध्याकाळी काकू बांधावरून हाक मारत होत्या. मी सूर्यफुलांत खाली बसून राहिलो. काकूंनी चहाची किटली बांधावर ठेवली आणि निघून गेल्या. चहा निवला होता. प्यायलो.

२२ फेब्रुवारी

सांगितलं.

मिस्त्री सायकलची ट्यूब पाण्यात धरून बसले होते, बुडबुडा कुठून येतो ते बघत. मी उभ्या उभ्याच सगळं बोललो. रस्ता इकडून नाही. ती रेघ केव्हाच रद्द झालीय. मी झोपलो, मी खोटं सांगितलं, मी दगड काढतोय.

त्यांनी ट्यूब फिरवली. बुडबुडा सापडला, तिथे बोट ठेवलं. "किती काढलेस?"

"अकरा."

"तिसाव्याखाली मुंगळ्यांचं वारूळ आहे. पाय सांभाळ."

 काकू आतून आल्या आणि त्यांच्यावरच कडाडल्या. "त्या पोराला सांगा की आता! किती दिवस त्याला आतल्या आत झुरू देणार आहात?" मग मला म्हणाल्या, "गेल्या वर्षी पलीकडे दगड लावले तेव्हाच यांना कळलं होतं बाबा. होडीवाल्याने सांगितलं. तरी डबा घेऊन निघाले रंगवायला."

मिस्त्री मान वर न करता म्हणाले, "तू पट्टी घेऊन आलास त्या दिवशी मला कळलं की हे लोक चुकलेत. बोलायला हवं होतं. पण म्हटलं, आपण होऊन आलाय तर कशाला अडवा. चूक तुझी एकट्याची नाही."

"मग एवढे दिवस मला विचारत होता, रस्ता कुठवर आला..."

"तू सांगायचास ना छान," ते म्हणाले.

 मग काकू हलकेच म्हणाल्या, "यांना काय, रस्ता कुठलाही चालला असता. मोठ्याला बोलवायचं होतं. यांना तोंडाने म्हणवत नाही, ये म्हणून. म्हणून रस्त्याची वाट."

मिस्त्रींनी ट्यूब पाण्यात दाबून धरली. पाणी ढवळलं.

मी आजवर त्यांना जागा धरून बसलेला हुशार माणूस समजत होतो. इतका वेळ समोर बसून मी नक्की काय बघत होतो?

२३ फेब्रुवारी

सकाळी मिस्त्री हातगाडी घेऊन शेतात हजर. "दोघांनी काढू. तू पहार घाल, मी ओढतो." जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते दगड ओढत राहिले. मग विचारलं, "विल्हेवाट म्हणजे काय करतोस यांचं?"

"खाणीत टाका म्हणालेत. कुठेही चालेल."

शेडपासून हमरस्त्यापर्यंत एक बैलगाडीची वाट आहे. वाकडी, पण रुंद. मी त्या वाटेकडे बघितलं. मिस्त्रींनी मी कुठे बघतोय ते बघितलं.

"लांबी किती असेल रे?"

मी अंदाज सांगणार होतो. तोंडातून शब्द बाहेर पडायच्या आधी थांबलो. "मोजून सांगतो," म्हणालो आणि लंबूकडे फीत मागायला पळालो.

बरोबर दोन किलोमीटर. पन्नास पन्नास मीटरवर एक, म्हणजे एकेचाळीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. लंबू म्हणाला, "हे बघून मला भीती वाटायला लागली बुवा."

२६ फेब्रुवारी

तीन दिवस दगड काढले, वाहिले, लावले. मुंगळे चावले. वाटेवर दोन ठिकाणी खड्डे होते, ते शेडमागच्या मातीने भरले. एका वळणाला बांध आड येत होता. शेतमालक आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मिस्त्रींनी त्याला काही तरी सांगितलं, लांबून ऐकू आलं नाही. त्याने स्वतःच कुदळ घेतली.

संध्याकाळी साहेब आले. रांगेकडे बघत राहिले.

"दगडांची विल्हेवाट लावली?"

"लावली साहेब."

"फारच नीट रांगेत लागलीय." मग बॅटरीसारखा चेहरा उजळला त्यांचा. "तिथे तो सातवा, दोन बोटं डावीकडे गेलाय. थांब." आणि दुर्बीण लावून, एक डोळा मिटून, हाताने मला खुणा करत बसले. इकडे, अजून, बस. सरकारी दुर्बिणीवर एवढं मन लावून काम करताना त्यांना मी महिनाभरात बघितलं नव्हतं.

शेवटचा दगड शेडपुढच्या मोकळ्या जागेत. काकूंनी पहिल्यांदाच विचारलं, आता कडेला मिरच्या लावू का. मिस्त्री म्हणाले, कडेला लाव.

मग शहरात जाऊन त्यांनी फोन केला. मी बरोबर होतो, पण लांब उभा राहिलो. फार वेळ घेतला नाही. बाहेर येऊन म्हणाले, "उचलला नाही. बाईचा आवाज आला, निरोप ठेवा म्हणून."

"मग?"

"ठेवला. ये म्हटलं." त्यांनी तोंड पुसलं. "पांढऱ्या दगडांपाशी वळ म्हटलं."

३ मार्च

पूर्वेकडचं काम सुरू. होडीत साहेबांना मळमळतं. मी पट्टी धरतो. तिकडे रस्ता दिसत नाही, नुसतं ऊन दिसतं.

सकाळी हमरस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबलो होतो. एक ट्रक ड्रायव्हर दगडांकडे बघून म्हणाला, "हे काय नवीन? इकडे आत काय आहे?"

"पंक्चरचं दुकान."

"एवढ्या आत? शेतात? गाडी अडकायची."

"बारा चाकी शिरते," मी म्हणालो. "वळायलाही जागा आहे. मी मोजलंय."

त्याने कप ठेवला आणि पुढच्या टपरीवर हेच सांगत गेला, मी ऐकलं. रोज दोघा-तिघांना तरी सांगतो. ट्रकवाल्यांत बातमी कशी पसरते ते मला ठाऊक आहे. हिरवा, पुढे पितळी पट्टी असलेला, तो अजून आला नाही. शेडपुढे काल मात्र एक दहा चाकी उभी होती, खरीखुरी. मिस्त्री तिच्याखाली आडवे, नुसते पाय दिसत होते, आणि पाय शीळ घालताहेत असं वाटत होतं.

९ मार्च

आज दोन महिने झाले या वहीला. पानं संपत आली.

दुपारी ताईला फोन केला. मी आपण होऊन. ती घाबरली, काय झालं म्हणून. म्हटलं, काही नाही, माझ्या खोलीला कुठला रंग दिलास?

"दोनदा सांगितलं तुला."

"परत सांग."

 मग हळूच सांगितला. भिंतींना हा, खिडकीला तो, दाराला आधी एक दिला होता तो भावजींना आवडला नाही म्हणून परत दुसरा. बोलता बोलता मध्येच थांबली, नाक ओढलं, पुन्हा सुरू झाली. मी सगळं ऐकलं. यंत्र खाली चालू होतं तरी ऐकलं.

साहेबांकडे आठ दिवस मागितलेत. शनिवारची गाडी.

रंग इथे लिहीत नाही. बघून लिहीन.